मुलाखत : तोंड बोलते, तसे अंगही बोलते



बेणे, खत, पाणी यांवर आपण नेहमीच बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण घरचाच. दोन-तीन एकरांत तीन भावांचे भागत नाही, म्हणून आपली मुले-मुली शिकून नोकरी शोधतात. मार्क चांगले असतात, लेखी परीक्षा निघते, आणि गाडी मुलाखतीत अडते. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्याकडील गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती बंद केल्या, हे खरे. पण खासगी कंपन्यांत आणि बँकांच्या अधिकारी पदांना मुलाखत आहेच. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत तर २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात.

आपली पोरे अडतात ती बहुधा नजरेपाशी. वडीलधाऱ्यांसमोर मान खाली घालायची, हे आपणच त्यांना शिकवले. रीत चांगली आहे. पण टेबलापलीकडचा माणूस तिचा अर्थ निराळा लावतो : याला येत नाही, किंवा हा काहीतरी लपवतोय. म्हणून प्रश्न ऐकताना विचारणाऱ्याकडे बघावे, उत्तर त्याच्याकडे बघून सुरू करावे आणि मग बाकीच्यांकडेही नजर फिरवावी. टक लावून बघू नये, तो उर्मटपणा दिसतो. नजर देणे फारच जड जात असेल तर समोरच्याच्या दोन भुवयांच्या मध्ये बघावे. त्याला फरक कळत नाही.

आत गेल्यावर नमस्कार करावा. त्यांनी हात पुढे केला तरच हात मिळवावा. ‘बसा’ म्हटल्यावर बसावे, खुर्ची फरफटत ओढू नये. काहीजण एसटीच्या बाकावर तिसरी जागा मिळाल्यासारखे काठावर बसतात. तसे नको, पाठ टेकवून ताठ बसावे. हात मांडीवर मोकळे ठेवावेत. मुलींना ओढणी सारखी सावरायची सवय असेल तर पिन लावून जाणे बरे.

खरी परीक्षा उत्तर येत नाही तेव्हा होते. आपले पोर काय करते? जीभ चावते, डोके खाजवते, छताकडे बघते, गुडघा हलवू लागते. न येण्यात कमीपणा नाही. सगळे कोणाला येते? पण या हालचालींनी एका प्रश्नाची अडचण पुढच्या पाच प्रश्नांवर पसरते. क्षणभर थांबावे, समोर बघून शांतपणे ‘सर, हे मला माहीत नाही’ म्हणावे आणि पुढच्या प्रश्नाला पहिल्यासारखेच सरळ बसावे. एवढे जमले तरी पुष्कळ झाले.

शिकवणीवाले सांगतात की बोलण्यात शब्दांचा वाटा ७ टक्के, बाकी ९३ टक्के आवाज आणि चेहरा. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या अमेरिकेतील प्रयोगांवरून आले. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते आणि बोलणाऱ्याची भावना काय वाटते एवढेच विचारले होते. नोकरीच्या मुलाखतीशी त्याचा संबंध नव्हता. तेव्हा ताठ बसले म्हणजे अभ्यास माफ, असे कोणी समजू नये. ज्याला ठिबकचे गणित येते त्याचे अंग निम्मे आपोआप सावरते. उरलेल्या निम्म्यासाठी सराव लागतो.

सराव घरीच करता येतो. शेजारच्या मास्तरांना किंवा मोठ्या बहिणीला प्रश्न विचारायला बसवावे आणि मोबाइलवर दहा मिनिटे चित्रण करावे. मग आवाज बंद करून ते बघावे. आवाज नसला की हलणारा गुडघा, कानाकडे जाणारा हात, पेनाची टकटक सगळे उघडे पडते. पोर पहिल्यांदा लाजेल, हसेल. एका वेळी एकच सवय धरावी. सगळ्या एकदम सोडायला गेले तर बाहुल्यासारखे बसते.

आता पुष्कळ मुलाखती मोबाइलवरच होतात. तेव्हा फोन हातात न धरता डोळ्यांच्या उंचीवर टेकवून ठेवावा, खिडकीकडे पाठ करू नये, नाहीतर चेहरा काळा दिसतो. बोलताना पडद्यावरच्या आपल्या चेहऱ्याकडे नव्हे, कॅमेऱ्याकडे बघावे. आणि मध्येच गोठ्यातली म्हैस ओरडली तर दचकून मागे वळू नये. ‘माफ करा, गोठा जवळ आहे’ एवढे हसून सांगावे आणि उत्तर पुढे चालू ठेवावे.