माणसं टिकली तर तू टिकशील

नौपाडा, ठाणे

चि. सोनू यास,


डोंबिवलीला मानपाडा रोडवरच्या जिममध्ये फ्लोअर ट्रेनर म्हणून लागलास, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. ठाण्यात आणि कल्याणात बायकांच्या बॅचेस घेण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, म्हणून चार गोष्टी हक्काने लिहिते.

तुझे दंड बघून सुरुवातीला पोरं येतील. लग्न ठरलेली, जानेवारीत संकल्प केलेली. त्यातली बरीचशी होळीपर्यंत गळतात. या व्यवसायात वर्षानुवर्षं पोट भरलेले जे ट्रेनर मी पाहिले, त्यांच्याकडची माणसं वेगळी होती. पन्नाशीची, शुगर असलेली, गुडघे धरलेली, डॉक्टरांनी ‘व्यायाम करा’ एवढंच सांगून पाठवलेली. यांचा एकदा विश्वास बसला की ती सोडून जात नाहीत. बहिणीला आणतात, जावयाला आणतात. रिन्यूअलसाठी त्यांच्या मागे लागावं लागत नाही. तुझी पुढची तीस वर्षं यांच्यावर उभी राहणार आहेत.

आधी त्यांचा दिवस समजून घे. रात्री साडेआठला येणारा माणूस फास्ट लोकलमध्ये तास-सव्वा तास बॅग पोटाशी धरून उभा राहिलेला असतो, आणि मधला दिवस खुर्चीत गेलेला असतो. कंबर आखडलेली, खांदे पुढे आलेले. त्याला आल्या आल्या बारबेलखाली उभा करू नकोस. दहा मिनिटं खुबे, पाठ, खांदे मोकळे करून घे. पावसाळ्यात रुळांवर पाणी भरलं की त्याचा आठवडाच बुडतो; त्या दिवसांसाठी घरी करायचे तीन-चार व्यायाम त्याला जूनमध्येच शिकवून ठेव. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. स्टेशनपर्यंत झपाझप चालणं त्यात धरता येतं. रिक्षा सोडायला लाव.

प्रत्येकाची वही ठेव. पहिल्या दिवशी कुठली औषधं चालू आहेत, कुठे दुखतं, कुठलं ऑपरेशन झालंय ते लिही, मग वजनाला हात लाव. मोजून लिहून ठेवण्यावरून आठवलं, लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेचं नाव तू ऐकलं असशील. स्वामी कुवलयानंदांनी ते 1924 साली स्थापन केलं. तरुणपणी बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात घाम गाळलेला तो माणूस. योगाने शरीरात नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाब मोजायची यंत्रं लावून तपासलं, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून ते छापायला सुरुवात केली. शंभर वर्षांमागे ज्याने श्रद्धेच्या गोष्टीही मोजून पाहिल्या, तो मला आपल्या व्यवसायातला फार मोठा माणूस वाटतो. तुला यंत्रं नकोत. अमुक काका डोंबिवली स्टेशनच्या पुलाचा जिना न थांबता कधी चढले, ती तारीख वहीत असू दे. त्यांना ती दाखवशील तेव्हा त्यांचा चेहरा बघ.

औषधांचं का विचारायचं, ते सांगते. रक्तदाबावरच्या बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्याची नाडी हवी तशी वाढत नाही. ‘220 वजा वय’ हे सूत्र लावून त्याला पळवत राहिलास तर जीव जाईल. अशा वेळी बोलता येतंय का ते बघ. वाक्य पुरं होत नसेल तर वेग कमी कर. इन्सुलिनवर असलेल्याची साखर व्यायामानंतर काही तासांनीही उतरू शकते, म्हणून ग्लुकोज जवळ हवंच. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घाम असं दिसलं की ताबडतोब थांबव आणि 108 ला फोन लाव. सीपीआर प्रत्यक्ष हाताने शीक: मिनिटाला 100 ते 120 दाब, निदान पाच सेंटिमीटर खोल. सर्टिफिकेट भिंतीवर लागलं म्हणून शिकणं संपवू नकोस. आणि जे आपल्याला कळत नाही, तिथे फिजिओकडे पाठव. तसं पाठवल्याने माणूस तुटत नाही, उलट घट्ट धरतो.

पावडरच्या डब्यांवर कमिशन मिळेल. घेऊ नकोस. इंजेक्शनं सुचवणारे भेटतील, त्यांच्या सावलीलाही उभा राहू नकोस. यावर मी आणखी काही लिहीत नाही.

आता पैशाचं. मार्च 2020 मध्ये जिम बंद झाल्या त्या आपल्या राज्यात 25 ऑक्टोबरला, दसऱ्याला उघडल्या. तेवढे महिने कितीतरी ट्रेनर पगाराविना बसले होते. म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत बाइक घेऊ नकोस. दुपारी जिम ओस असते. त्या वेळात सोसायटीतल्या ज्येष्ठांची बॅच बांधता येईल का बघ, मात्र जिमच्या मालकाला सांगून. त्याचे मेंबर चोरून नेणाऱ्याचं नाव डोंबिवलीत एका आठवड्यात सगळीकडे होतं.

स्वतःचं शरीरही जप. पाच बॅचेसना पाच वेळा स्क्वॉट करून दाखवायची गरज नसते. एकदा दाखव आणि नंतर फिरून त्यांचा फॉर्म बघ. गाण्याच्या आवाजावर ओरडू नकोस, गळा जातो. सकाळी साडेपाचची बॅच आणि रात्री दहापर्यंत काम, म्हणजे दुपारची झोप हा कामाचाच भाग समज.

पर्सनल ट्रेनिंगच्या फीमधला तुझा वाटा किती, सुट्टी आणि पीएफ आहे का, नोकरी सोडलीस तर किती दिवस आधी सांगायचं, हे कागदावर आहे का? ताईला विचारलं तर म्हणाली, सोनूने न वाचताच सही केलीय. रविवारी जेवायला ये आणि तो कागद घेऊन ये. दोघं मिळून वाचू.

तुझी,
मावशी