कापसाचं फूल दोन दिवस बघ

चि. धाकटीस,

यंदाही कासला जाणं जमलं नाही म्हणून तू रुसली आहेस, असं आईकडून कळलं. कास मोठंच आहे. साताऱ्याजवळच्या त्या पठारावर साडेआठशेच्या वर सपुष्प वनस्पतींची नोंद झालेली आहे, आणि पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर २०१२ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. कधीतरी जरूर जा. मात्र फुलांचे फोटो काढायला शिकायचं असेल तर सध्या आपल्या परभणी जिल्ह्यात, मानवतच्या शिवारात जे फुललंय तेवढं पुष्कळ आहे.

कार्ल ब्लॉसफेल्ड नावाचे एक जर्मन गृहस्थ बर्लिनच्या कलाशाळेत शिकवत. घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी तीसेक वर्षं झाडपाल्याचेच फोटो काढले, तेही विद्यार्थ्यांना नक्षी शिकवता यावी म्हणून. फुलवाल्याच्या दुकानातली महागडी फुलं त्यांनी घेतली नाहीत. रेल्वेच्या कडेला आणि पडीक जागी उगवणारं तण ते गोळा करून आणत. पार्श्वभूमी साधी ठेवायची, उजेड मऊ ठेवायचा आणि एखादी कळी किंवा देठ कित्येक पटींनी मोठा करून दाखवायचा, एवढीच त्यांची रीत. १९२८ साली त्यांचं पुस्तक निघालं तेव्हा ते साठी ओलांडून गेले होते. आपल्याकडे पुण्याचे अभियंते श्रीकांत इंगळहळीकर यांनी सह्याद्रीतली फुलं अशाच चिकाटीने टिपली आणि २००१ मध्ये त्या फुलांचं पुस्तक काढलं. दोघांच्याही कामात वारंवार पाहणं हेच भांडवल दिसतं.

म्हणून तुला एकच फूल नेमून देतो: कापसाचं. बांधावरून रोज ये-जा करणाऱ्यालाही त्याचा रंग विचारला तर कुणी पांढरा सांगतो, कुणी गुलाबी, आणि दोघंही खरे असतात. आता सगळीकडे दिसणाऱ्या कपाशीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा दुधाळ, किंचित पिवळसर असतं. संध्याकाळकडे त्यावर गुलाबी झाक चढू लागते. दुसऱ्या दिवशी ते चांगलं गडद गुलाबी होऊन मिटतं, मग सुकतं आणि खाली कोवळं बोंड उरतं. देशी कपाशीचं फूल निराळं. ते पिवळंधमक असतं आणि पाकळ्यांच्या बुडाशी जांभळट तांबडा डाग असतो. परभणीत महेबूब बागेच्या कापूस संशोधन केंद्रात या देशी कपाशीवर पिढ्यान्‌पिढ्या काम चाललंय. कुणाच्या ओळखीने आत जाता आलं तर दोन्ही फुलं शेजारी शेजारी बघ.

एका झाडाला सुतळी बांधून खूण कर. त्याच फुलाकडे सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. पहिल्या खेपेला मोबाईल खिशातच राहू दे. पाकळ्या एकीवर एक कशा गुंडाळल्यात, परागांनी माखलेली मधमाशी कुठून बाहेर पडते, बुडाशी मुंग्या कशासाठी जमल्यात, हे आधी डोळ्यांनी बघून घे. फोटो काढताना ऊन फुलाच्या पाठीमागून येऊ दे, म्हणजे पाकळीतली शीर न् शीर दिसते. मोबाईल फार जवळ नेला की चित्र धूसर येतं. तेव्हा भिंगाची साधी काच लेन्ससमोर धर आणि वारा पडेपर्यंत थांब. फुलामागे काळा कपडा धरून बघ. एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात स्कॅनरच्या काचेवर गळलेलं फूल ठेवू देतात का, तेही विचार. झाकण उघडं ठेवून स्कॅन केलं तर पाकळ्या काळोखातून वर आल्यासारख्या दिसतात.

आता कॅमेऱ्याशिवायचा एक प्रयोग, खास आपल्या भागाचा. जॉन हर्षल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली फुलापानांच्या रसाने रंगवलेल्या कागदावर उन्हानं चित्रं उमटवली होती. हळदीवर हे फार छान जमतं, आणि हळदीची वसमत तर १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती. हळद स्पिरिटमध्ये कालवून फडक्यातून गाळ (चुलीपासून लांब, ते चटकन पेट घेतं), जाड ड्रॉइंग पेपरवर सावलीत ब्रशने लाव आणि अंधारात वाळव. त्यावर वहीत दाबून चपटं केलेलं फूल ठेव, वर काच दाब आणि उन्हात ठेव. उघड्या भागातली हळद उन्हानं उडते, फुलाखालची राहते. नंतर कागद टाकणखाराच्या पाण्यात बुडवला की पिवळा आकार विटकरी तांबडा होतो. हळदीवर चुना पडला की ती लाल होते, हे तू आजीच्या हातून पाहिलंच आहेस. तीच ही करामत. किती तास लागतील ते ऊन ठरवील. फुलांच्या रसाची ही चित्रं कायमची टिकवण्याचा उपाय हर्षललाही सापडला नव्हता, तेव्हा भिंतीवर लावू नकोस, पुस्तकात ठेव.

या प्रयोगासाठी झाडावरचं फूल तोडायचं नाही. एक फूल तोडलं म्हणजे शेतकऱ्याचं एक बोंड गेलं. सुकून गळालेली गुलाबी फुलं सरीत पडलेली असतात, ती वेच. शेतात पाय ठेवण्याआधी मालकाला विचार, आणि फवारणी झालेल्या रानात मुळीच जाऊ नकोस. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली.

आणखी एक गोष्ट नजरेत ठेव. एखादं फूल उमलायच्या वेळी उमलत नाही, पाकळ्या टोकाशी जुळून गुलाबकळीसारख्या गच्च राहतात. शेतकरी अशा फुलाला डोमकळी म्हणतात. आत गुलाबी बोंडअळी असते. फोटोत ही कळी फार देखणी येते. फोटो काढ, मग लगेच मालकाला हाक मारून ते झाड दाखव, म्हणजे ती कळी अळीसकट तोडून नष्ट करता येईल. इतक्या जवळून रोज बघणारी तू असशील, तर त्याच्याआधी तुलाच ती दिसायची शक्यता आहे.

टाकणखार तालुक्याला किराणा दुकानात मिळेल. पहिला कागद फसला तरी पाठव.

तुझा,
मामा