काडीमोड घेताना घराची आणि पैशांची वाटणी

काडीमोडाची बोलणी बसली की कुणीतरी जाणतं माणूस म्हणतंच, "निम्मं तुझं, निम्मं तिचं, मिटवून टाका." कायदा मात्र असं काही सांगत नाही. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात आणि वेगळं होताना ती निम्मी होते. मिरजेत, म्हणजे महाराष्ट्रात, कागदावर नाव ज्याचं, मिळकत त्याची. बायकोच्या हातात येतं ते स्त्रीधन, पोटगी आणि राहण्याचा हक्क. बाकी जे काही 'निम्मं' होतं, ते दोघांनी कबूल होऊन लिहून दिलं तरच. खालची कृती हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे संमतीने वेगळं होणाऱ्यांसाठी आहे. मुस्लिम किंवा ख्रिस्ती जोडप्यांना काडीमोडाचा कायदा वेगळा लागतो. घराच्या आणि बँकेच्या कागदांची कामं बरीचशी हीच.

सुरुवात वकिलापासून करू नका, फाइलपासून करा. घर महापालिका हद्दीत असेल तर नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा, खेड्यात असेल तर सातबारा आणि आठ-अ. खरेदीदस्ताची सूची दोन, घरपट्टीची शेवटची पावती आणि कर्जाचा ताजा उतारा सोबत लावा. घरपट्टीवर नाव आहे म्हणजे मालकी आहे, असं समजणारे पुष्कळ भेटतात. तसं नसतं. घरपट्टी ही कराची नोंद आहे. मालकी दस्तावरून ठरते. मिरजेतल्या अनेक घरांची शेती सीमेपलीकडे कागवाड-अथणीकडे असते. तिचे कागद कर्नाटकातले, मुद्रांकही तिकडचा. ती जमीन वाटणीत असेल तर तिचा दस्त वेगळा करायचा, मिरजेतल्या घराच्या दस्तात कोंबायची नाही.

आता तीन ढीग करा. एकट्याच्या कमाईचं, दोघांच्या नावावरचं आणि वाडवडिलांचं. वडिलोपार्जित जमिनीत किंवा वाड्यात काडीमोडामुळे सुनेला हिस्सा मिळत नाही. तिथं राहण्याचा प्रश्न वेगळा. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सासऱ्याच्या नावावरचं घरसुद्धा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली 'सामाईक घर' ठरू शकतं. त्यामुळे "घर माझ्या बापाचं आहे, चल नीघ" म्हणून कुलूप बदलणाऱ्याने आधी वकिलाला विचारावं. घरात मारहाण असेल तर वाटणीच्या बैठकीला बसूच नका. आधी संरक्षण अधिकाऱ्याकडे जा.

सोन्याची वाटणी एकाच बैठकीत उरका. बोरमाळ, पाटल्या, तोडे, माहेरचं आणि सासरचं, सगळं दोघांच्या ओळखीच्या एका सराफाकडे न्या. खडे वजा करून निव्वळ वजन आणि शुद्धता प्रत्येक डागासमोर लिहून घ्या, खाली दोघांच्या सह्या. माहेरहून आलेलं आणि लग्नात तिला दिलेलं सोनं स्त्रीधन, ते तिचंच. सासूने "जपून" लॉकरमध्ये ठेवलं म्हणून ते सासूचं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८५ सालीच सांगून ठेवलं आहे. वाटाघाटीत हे सोनं पोटगीच्या रकमेतून वळतं करायला कुणी सांगितलं तर ठाम नाही म्हणा. जे तिचंच आहे ते तिला परत दिलं, त्यात पोटगी कसली?

मग घराची किंमत. रेडीरेकनरचा दर मुद्रांकासाठी असतो, वाटणीसाठी नव्हे. नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून बाजारभाव काढा. घर मिरजेत कृष्णाघाटाच्या बाजूला असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं हे त्याच्या अहवालात यायला हवं, गिऱ्हाईक तेच पहिल्यांदा विचारतं. समजा, दोघांच्या नावावरच्या फ्लॅटची किंमत ४० लाख, कर्ज शिल्लक १६ लाख. वाटायचे ४० नव्हेत, २४. निम्मं ठरलं तर प्रत्येकी १२ लाख. फ्लॅट तिने ठेवायचा असेल तर तिने १६ लाखांचं कर्ज उचलायचं आणि त्याला १२ द्यायचे. त्याने तिला द्यायची एकरकमी पोटगी ७ लाख ठरली असेल तर ती वजा करून तिने त्याच्या हातात द्यायचे ५. हा हिशेब एका कागदावर दोघांसमोर मांडा. निम्मी भांडणं आकडा डोळ्यांसमोर नसल्यामुळे होतात.

कर्जाच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते. "हप्ते इथून पुढे तो भरेल" असं कोर्टात दिलेल्या संमतीच्या अटींमध्ये, म्हणजे कन्सेंट टर्म्समध्ये, लिहिलं तरी बँकेला ते बंधनकारक नाही. सहकर्जदार म्हणून तुमची सही आहे तोवर हप्ता थकला की बँक तुम्हालाच गाठणार आणि सिबिलही तुमचंच खराब होणार. म्हणून कर्ज एकाच्या नावावर नव्याने करून घ्या आणि दुसऱ्याला मुक्त केल्याचं बँकेचं लेखी पत्र घ्या. तीच गत पतसंस्थेची. नवऱ्याच्या दुकानाच्या कर्जाला बायको जामीनदार, हे सांगली जिल्ह्यात घरोघरी आहे. पतसंस्थेत जाऊन आपलं नाव कुठं कुठं आहे ते आधी विचारा.

दस्त कधी करायचा, यात खरी मेख आहे. विकत घेतलेल्या सामाईक फ्लॅटचं हक्कसोडपत्र केलं तर वडिलोपार्जित मिळकतीची सवलत मिळत नाही, खरेदीसारखाच मुद्रांक पडतो. नवरा-बायकोमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मात्र महाराष्ट्रात मुद्रांक नाममात्र आहे, पण ते दोघं कायद्याने नवरा-बायको असेपर्यंतच. हुकूमनामा झाला की नातं संपलं, सवलतही संपली. आणि मोबदला घेऊन नाव सोडायचं असेल तर ते बक्षीसपत्र नव्हेच. तसा दस्त करून पुढे अडकू नका. आपल्या बाबतीत कुठला दस्त बसतो हे अर्ज दाखल करण्याआधीच दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या.

१३-ब चा अर्ज करायला किमान एक वर्ष वेगळं राहणं लागतं. अर्ज केल्यानंतर सहा महिने थांबावं लागतं; २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर न्यायालय ही मुदत माफ करू शकतं. हे सहा महिने कागदांसाठी वापरा. रक्कम टप्प्याने ठेवा: काही अर्जाच्या वेळी, बाकी डिमांड ड्राफ्टने शेवटच्या तारखेला न्यायाधीशांसमोर. सगळे पैसे आधी देणारा आणि सगळे कागद आधी देणारी, दोघंही नंतर हात चोळत बसतात. कन्सेंट टर्म्समध्ये प्रत्येक खातं, पॉलिसी, गाडी, ठेव नंबरासकट लिहा. मुलांचा खर्च वेगळा लिहा. "मला काही नको" असं आईने म्हटल्याने मुलांचा हक्क सुटत नाही.

हुकूमनामा हातात आल्यावर प्रमाणित प्रती जास्तीच्या काढा. फेरफार, घरपट्टी, वीजमीटर, सोसायटीचा भागदाखला, सगळीकडे नाव बदलायला त्या लागतात. भविष्यनिर्वाह निधी आणि विम्यावरचं नामनिर्देशन बदला. हे विसरणारे फार.

वकील परवडत नाही म्हणून कोऱ्या कागदावर सही करू नका. सांगलीत विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि १९८७ च्या कायद्याने स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, तिथं वकील मोफत मिळतो.