कागदावर काटकसर नको

नोकरीत रुळलीस आणि दहावीनंतर सुटलेली चित्रकला पुन्हा धरायची म्हणतेस, हे ऐकून बरं वाटलं. पण तू पाठवलेली खरेदीची यादी वाचली आणि म्हटलं, दुकानात जाण्याआधीच हिला गाठावं. छत्तीस रंगांची पेटी, ब्रशांचा अख्खा संच, घडीचं ईझल आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता आठवल्यासारखी, शाळेतली ड्रॉइंगची वही! अगं, यादी नेमकी उलटी झाली. जलरंगात पैसा घालायचा तो कागदात. बाकी सगळीकडे चिकटपणा केलास तरी चालेल.

ड्रॉइंगचा कागद पेन्सिलीसाठी असतो. त्यावर पाण्याचा हात फिरवला की तो फुगतो, खळगे पडतात, रंग त्या खळग्यांत जाऊन बसतो. दुसरा हात दिलास की वरचा थर सुटून त्याच्या बारीक गोळ्या निघायला लागतात. आणि नवशिक्या माणसाला वाटतं, आपल्या हातातच कला नाही. कित्येकांनी या एका गैरसमजापायी ब्रश खाली ठेवलेत. तू 300 जीएसएमचा, कापसाचा, जरा खरखरीत कागद घे. महाग आहे, माहीत आहे. म्हणून वही घ्यायची नाही, पूर्ण ताव घ्यायचा. 22 बाय 30 इंचांचा ताव तीनदा दुमडून फाडलास की 11 बाय साडेसातचे आठ तुकडे होतात. घडीवर नखाने दाब देऊन एकदा इकडे, एकदा तिकडे दुमडायचं आणि पट्टी धरून सावकाश फाडायचं. कात्री नको, फाटलेली कड दिसायलाही छान दिसते. एका बाजूचं चित्र फसलं तर पाठ सरावाला आहेच.

हा कागद पावसाळ्यात जपावा लागतो, हे दुकानदार सांगत नाही. चांगल्या कागदाला सरस दिलेला असतो, म्हणून रंग वर तरंगतो आणि तुला खेळायला वेळ मिळतो. दमट हवेत तो सरस खराब होतो. मग ऑगस्टमध्ये ताव काढावा तर जागोजागी रंग टीपकागदासारखा शोषला जातो, तिथे गडद डाग पडतात आणि ते काही केल्या जात नाहीत. तेव्हा मे महिन्याच्या शेवटी ताव प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, औषधाच्या बाटल्यांतून निघतात त्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाक, तोंड चिकटपट्टीने बंद कर आणि कपाटात आडवे ठेव. भिंतीला टेकून तर मुळीच नको, आपल्याकडच्या भिंती पावसाळ्यात पाणी धरतात.

आता रंग. दांडेकरांच्या कॅम्लिनने 1931 साली शाईपासून सुरुवात केली, आणि पुढे त्यांच्या ‘कॅमल’च्या पेट्यांवर महाराष्ट्रातल्या पिढ्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसल्या. तुझी शाळेतली बारा ट्यूबांची पेटी घरात असेल तर तीच काढ. ट्यूब कडक झाली असेल तर मागून कापून आतला रंग खणात ठेव, पाणी लागलं की तो उठतो. त्या बारांतला काळा आणि पांढरा बाजूला काढून ठेव. पांढरा म्हणजे तुझा कागद, आणि काळा तू तयार करायचा आहेस. अल्ट्रामरिन ब्लू आणि बर्न्ट सिएना घट्ट कालवलेस की जो गडद रंग येतो, तो ट्यूबमधल्या काळ्याहून जिवंत असतो. निळा जास्त घातलास तर पावसाळी ढग, सिएना जास्त घातलीस तर वाड्याचं जुनं लाकूड. या दोघांत यलो ऑकर, एक लिंबू पिवळा, एक लाल आणि एक प्रशियन ब्लू घातलास की पेटी झाली. हिरवा ट्यूबमधून सरळ कागदावर लावू नकोस. आपल्याकडचं झाड तसं हिरवं नसतं. त्यात पिवळा आणि सिएना असतेच.

लाल निवडताना मात्र सावध राहा. अ‍ॅलिझरिन क्रिम्झन दिसायला देखणा, पण उजेडात उडतो. एखाद्या रंगाची शंका आली तर कागदाच्या पट्टीवर तो लावून अर्धी पट्टी पुठ्ठ्याने झाक आणि खिडकीच्या काचेला चिकटवून दे. दिवाळीला लावलीस तर गुढीपाडव्यापर्यंत निकाल लागतो. गेरू, ऑकर, सिएना हे मातीचे रंग. त्यांची काळजी नको.

ब्रश तीन पुरेत: बारा नंबरचा गोल, सहा नंबरचा गोल आणि इंचभर रुंदीचा चपटा. दुकानात पाणी माग. ब्रश भिजवून एक झटका दे. टोक आपोआप जुळलं तर घे, फाटलं तर कितीही महागाचा असो, परत ठेव. आणि पाण्याच्या भांड्यात तो उभा सोडून फोन घ्यायला जाऊ नकोस. टोक वाकतं, पत्र्याच्या टोपणाखालचा डिंक सुटतो आणि महिनाभरात ब्रशचं डोकं हातात येतं.

पहिले काही दिवस चित्र काढूच नकोस, सपाट वॉश, म्हणजे रंगाचा एकसारखा पातळ हात, शीक. कंटाळवाणं वाटेल, पण निम्मे जलरंग त्यातच आहेत. कागद लावलेला पाट मागून एखाद्या पुस्तकाएवढा उचल. लागेल त्याच्या दुप्पट रंग आधी कालवून ठेव, कारण मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा जमत नाही. मोठा ब्रश भरून डावीकडून उजवीकडे एक पट्टा ओढ. खालच्या कडेला रंगाची भरलेली ओळ लोंबकळताना दिसेल. ती वाळू द्यायची नाही. पुढचा पट्टा तिच्यातूनच ओढायचा, म्हणजे ती ओळ खाली खाली सरकत येते. तळाला पोचलीस की ब्रश फडक्यावर पिळ आणि उरलेली ओळ टिपून घे. तिथे पाणी राहिलं तर ते वाळत आलेल्या रंगात उलटं चढतं आणि दातेरी कडेचा डाग सोडतं. मधे कुठे चुकलं तर हात लावू नकोस. जलरंगात दुरुस्ती करायला जाणाऱ्याचा हात चित्र बिघडवणाऱ्याहून जास्त नुकसान करतो. वाळल्यावर रंग फिकाही पडतो, म्हणून ओला असताना जरा जास्तच वाटेल इतका गडद लावत जा.

हवेचं गणितही सांभाळ. मे महिन्यात नागपूरच्या घरी गेलीस तर पट्टा ओढेपर्यंत वरची कड वाळलेली असेल. तिथे कागद पाठीमागूनही ओला करून घे. पुण्यात नाहीतर कोकणात जुलैमध्ये तोच वॉश तासभर ओला राहतो. तेव्हा कौलं आणि खिडक्या रंगवण्याचा हट्ट सोड आणि धुकं, ढग, भिजलेले डोंगर काढ, कारण ओल्यावर ओलं लावायला ती हवाच हवी.

जलरंग म्हणजे शाळकरी पोरांचं माध्यम, असं कुणी म्हणालं तर सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ दाखव. सावंतवाडीचा हा चित्रकार. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात हातात दिवा धरलेल्या बाईचं ते चित्र लावलेलं आहे. लोक त्याला खुशाल राजा रविवर्म्याचं तैलचित्र म्हणतात. आहे ते हळदणकरांचं, आणि जलरंगातलं. समोर हळदणकरांचीच मुलगी गीता उभी होती. म्हणजे मॉडेलही घरातलंच.

बाहेर जाऊन काढायचं असेल तर जागा बदलत बसू नकोस. दर रविवारी नवा किल्ला, नवा घाट, नवा समुद्र, असं करणाऱ्यांच्या वह्या भरतात, पण हात तिथल्या तिथेच राहतो. कोल्हापूरचे आबालाल रहमान जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून घरी परतले आणि तळ्याकाठचा तोच परिसर रंगवत राहिले; रंकाळ्याकाठचा संध्यामठ त्यांच्यामुळे चित्रात गेला. तू पुण्याच्या मंडईपासून सुरुवात कर. 1886 ची इमारत, मधे अष्टकोनी मनोरा, खाली लिंबं-मिरच्यांचे ढीग. सकाळी सातला मनोऱ्याची एक बाजू उजळते, नऊला दुसरी. सावल्या दीड तासात इतक्या सरकतात की सुरुवातीला धरलेली सावली शेवटी खोटी ठरते. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत सावल्यांचा आराखडा पेन्सिलीने करून ठेव आणि नंतर ऊन काहीही करो, त्याच्याकडे बघू नकोस. स्वतः सावलीत बस. कागदावर ऊन पडलं की डोळे दिपतात, आपण रंग गडद करत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं.

पाठ भिंतीला लावून बस, म्हणजे मागे गर्दी होत नाही. तरी दोन प्रश्न येतातच: ‘विकणार का?’ आणि ‘आमचं काढता का?’ हसून मान हलवायची आणि हात चालू ठेवायचा. भाजीवाल्या मावशींशी मात्र आधी बोलून घे. त्यांच्या गाळ्यासमोर बसतेस तर एक पेंडी मेथीही घे.

घरचं सांगते. सामान मांडायला आणि आवरायला वीस मिनिटं लागत असतील तर छंद महिनाभरात आटोपतो. खिडकीशी एक लहान टेबल कायमचं राखून ठेव. घरच्यांनी त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले तर भांडण झालं तरी चालेल. ऑफिसातून आल्यावर अर्धा तास मिळाला तर घरातलीच एक वस्तू घे. तांब्या, कुकर, आईची खलबत्त्याची जोडी. इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रासारखं दिवसभरात पाहिलेलं एक दृश्य आठवून काढणंही चांगलं. फोनमधला फोटो बघून काढलेल्या चित्रात ती आठवण्याची धडपड उतरत नाही. इंटरनेटवरच्या दुसऱ्याच्या चित्राची नक्कल शिकण्यासाठी जरूर कर, पण त्याखाली स्वतःची सही करू नकोस.

हात जरा बसला की एखादा लांबचा उपक्रम धर. कसबा पेठेत, सदाशिव पेठेत वाडे पाडून इमारती होताहेत. उरलेले दिंडी दरवाजे काढ. एकाच मापाचा कागद, एका दरवाजाला एक चित्र. मागे पेन्सिलीने तारीख, पत्ता आणि वेळ लिही. पेन नको, शाई पुढच्या बाजूला फुटते. बिजागऱ्या, कडी, उंबरठ्याची झीज नीट बघून काढ, उगाच सजवू नकोस. वाडा गेल्यावर तिथल्या माणसांना तो कागद चित्रापेक्षा मोठा वाटेल.

नातेवाईक आजोबांचा जुना फोटो घेऊन येतील आणि ‘एवढं काढून दे’ म्हणतील. एकदाच हो म्हण, तेही फक्त आजीसाठी. बाकीच्यांना सांग, वेळ नाही. प्रदर्शनाची आणि विक्रीची घाई नको. तुला महिन्याचा पगार आहे. चित्रावर पोट नसलेल्या माणसाला चुकायची, टाकून द्यायची, तेच परत काढायची मोकळीक असते. व्यवसाय करणाऱ्यांना ती क्वचितच परवडते, तू ती फुकट घालवू नकोस. पूर्ण झालेलं चित्र लगेच फोनवर टाकू नकोस. आठवडाभर भिंतीला लाव, येता-जाता बघ. काय खटकतंय ते तुझं तुलाच कळेल.

यादीतलं ईझल आधी खोडून टाक. एक पूर्ण ताव घेऊन रविवारी सकाळी पावणेसातला मंडईत ये. पाट आणि फडकी मी आणते, पाण्याची बाटली तुझी. आणि टोपी विसरू नकोस.