दूरस्थ सॉफ्टवेअर आंतरवासिता : पूर्वतयारी आणि तिचे अर्थशास्त्र

आधी पदवी, मग नोकरी आणि नोकरीत काम शिकणे, हा क्रम आपल्याकडे अनेक पिढ्या चालत आला. सॉफ्टवेअर क्षेत्रात तो आता बदलला आहे. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, या चक्रात असंख्य पदवीधर अडकलेले दिसतात. हे चक्र भेदण्याचे एक साधन म्हणजे आंतरवासिता, म्हणजेच इंटर्नशिप. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या श्रेयांक आराखड्यात आंतरवासितेला स्थान दिले. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत एक कोटी तरुणांना पाचशे मोठ्या कंपन्यांमध्ये अशी संधी देण्याची योजना जाहीर झाली.

प्रस्तुत लेखात आंतरवासितेच्या एका विशिष्ट प्रकाराचा विचार केला आहे. तो प्रकार म्हणजे आपल्या गावी राहून, संगणक व इंटरनेटच्या साहाय्याने करावयाची आणि स्पर्धेतून मिळणारी दूरस्थ सॉफ्टवेअर आंतरवासिता. महानगरात भाड्याची खोली घेणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग विशेष महत्त्वाचा आहे.

निवडीमागील अर्थशास्त्र

नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची खरी क्षमता ठाऊक नसते. उमेदवाराला मात्र ती बऱ्याच अंशी ठाऊक असते. यालाच माहितीची असममितता म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन तिचे परिणाम दाखविले. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये श्रमबाजाराच्या संदर्भात संकेत सिद्धांत मांडला. जो संकेत अक्षम व्यक्तीला सहज देता येत नाही, तोच विश्वासार्ह ठरतो, हा त्याचा गाभा होय. या दोघांना जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नामांकित संस्थेची पदवी हा असाच एक संकेत आहे. पण लहान शहरातील महाविद्यालयात शिकणाऱ्या, तितक्याच बुद्धिमान विद्यार्थ्याजवळ तो नसतो. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही वाचता येते व सुधारता येते त्या क्षेत्रात, दुसरा संकेत उपलब्ध आहे. तेथे केलेले काम, त्यावरील चर्चा, दाखविलेल्या चुका आणि केलेल्या दुरुस्त्या हे सारे सार्वजनिक असते. निवड करणारा मार्गदर्शक ते स्वतः तपासू शकतो. म्हणून दूरस्थ आंतरवासितेची तयारी म्हणजे अर्ज सजविणे नव्हे. अर्जापूर्वीच तपासता येईल असे काम उभे करणे होय.

काही प्रमुख कार्यक्रम

‘गुगल समर ऑफ कोड’ हा उपक्रम २००५ मध्ये सुरू झाला. त्यात मानधन गुगल देते. काम मात्र मुक्त स्रोत संस्थांसाठी करावयाचे असते. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अट शिथिल झाली असून अठरा वर्षे पूर्ण केलेल्या नवोदितांनाही अर्ज करता येतो. साधारणतः फेब्रुवारीत सहभागी संस्थांची यादी जाहीर होते आणि मार्च-एप्रिलमध्ये प्रस्ताव मागविले जातात.

‘आउटरीची’ या कार्यक्रमाचा उगम २०१० मध्ये ‘नोम’ या मुक्त स्रोत प्रकल्पात, महिलांचा सहभाग वाढविण्याच्या हेतूने झाला. पुढे इतर वंचित समूहांनाही त्यात सामावून घेण्यात आले. अंतिम निवडीपूर्वी उमेदवाराला प्रत्यक्ष प्रकल्पात काही काम करून दाखवावे लागते. या दोन कार्यक्रमांच्या मानधनातील फरक परीक्षार्थींनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. पहिल्यात मानधनाची रक्कम देशाच्या क्रयशक्ती समानतेनुसार बदलते, तर दुसऱ्यात ती सर्व देशांसाठी समान ठेवण्याचे धोरण राहिले आहे.

आपल्या देशात पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘फॉसी’ हा प्रकल्प उल्लेखनीय आहे. माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून तो उभा राहिला. त्याच्या उन्हाळी अभ्यासवृत्तीसाठी उमेदवाराने दिलेले चाळणी-काम पूर्ण करणे हा निवडीचा आधार असतो. याच संस्थेतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे दृक्‌श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य मिळतात.

पूर्वतयारीचे टप्पे

पहिला टप्पा पायाभरणीचा. पायथन, जावा किंवा सी यांपैकी एक भाषा नीट आत्मसात करावी. चार भाषांची तोंडओळख उपयोगी पडत नाही. तिच्या जोडीला लिनक्सच्या मूलभूत आज्ञा आणि ‘गिट’ शिकावे. संहितेत कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद ठेवणारी ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केली. दूरस्थ सहकार्याचा डोलारा आज मुख्यतः तिच्यावर उभा आहे.

दुसरा टप्पा प्रकल्प निवडण्याचा. एक किंवा फार तर दोन प्रकल्प निवडावेत. गेल्या काही महिन्यांत तेथे काम झाले आहे काय आणि नवोदितांच्या प्रश्नांना उत्तरे मिळतात काय, हे आधी पाहावे. येथे तुलनात्मक लाभाचे तत्त्व उपयोगी पडते. देवनागरी जोडाक्षरे नीट न दिसणे, मराठी शब्दांचा अकारविल्हे क्रम चुकणे, टंकलेखनातील अडचणी हे दोष मराठी जाणणाऱ्याला चटकन ओळखता येतात. परदेशी तज्ज्ञाला ते दिसतही नाहीत. विकिमीडिया आणि लिब्रेऑफिस या गुगलच्या उपक्रमात सहभागी होत आलेल्या संस्थांच्या कामात भारतीय भाषांचा प्रश्न नित्याचा आहे.

तिसरा टप्पा पहिल्या योगदानाचा. प्रकल्पाची मार्गदर्शक पुस्तिका वाचून ते सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर चालविणे हीच पहिली परीक्षा असते. त्यात दोन-चार दिवस गेले तरी निराश होऊ नये. नंतर नवोदितांसाठी राखलेला एखादा लहान दोष निवडून दुरुस्ती पाठवावी. अशा प्रस्तावित दुरुस्तीला ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणतात. ती पहिल्याच फेरीत स्वीकारली जाईल असे नाही. परीक्षक त्रुटी दाखवितात, आपण त्या दुरुस्त करतो आणि पुन्हा पाठवितो. या देवाणघेवाणीतूनच आपली शिकण्याची वृत्ती त्यांना दिसते.

चौथा टप्पा संवादाचा. दूरस्थ कामात चेहरा नसतो. आपले लेखन हीच आपली ओळख असते. प्रश्न विचारताना काय केले, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात कोणता त्रुटी-संदेश आला, या तीन गोष्टी लिहाव्यात. मार्गदर्शकाला खाजगी संदेश पाठविण्याऐवजी सर्वांसमोर विचारावे, म्हणजे उत्तराचा लाभ इतरांनाही होतो. इंग्रजी अलंकारिक नसले तरी चालेल. ते अचूक असावे.

पाचवा टप्पा प्रस्तावाचा. समस्या कोणती, ती सोडविण्याची पद्धत कोणती आणि आठवड्यागणिक काय पूर्ण होईल, हे त्यात स्पष्ट यावे. चाचणी व दस्तऐवजीकरण यांसाठी वेळ राखून ठेवावा. विद्यापीठाच्या परीक्षेच्या तारखा लपवू नयेत. कच्चा मसुदा मुदतीच्या बराच आधी मार्गदर्शकांना दाखवावा. मुदत बहुधा जागतिक समन्वित वेळेनुसार दिलेली असते, तेथील १८.०० वाजता आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात.

संधी खर्चाचा विचार

अनेक वाचक एकाच वेळी अन्य स्पर्धा परीक्षांचीही तयारी करीत असतील. गुगलच्या उपक्रमात सुमारे ९०, १७५ किंवा ३५० तासांचे प्रकल्प असतात. ३५० तासांचे काम बारा आठवड्यांत करावयाचे तर आठवड्याला सुमारे २९ तास द्यावे लागतात. १७५ तासांच्या प्रकल्पाला सुमारे १५ तास. हे तास कोणत्या अभ्यासातून वजा होणार, याचा हिशेब अर्जापूर्वीच मांडावा. मुख्य परीक्षा तोंडावर असताना मोठा प्रकल्प स्वीकारणे दोन्हीकडे नुकसानीचे ठरते.

संधीची समानता आणि वास्तव

द्वार सर्वांना खुले असले तरी तेथपर्यंतचा रस्ता सर्वांना सारखा नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागातील केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. शहरी भागात हे प्रमाण २३.४ टक्के होते. इंटरनेट सुविधा असलेली कुटुंबे अनुक्रमे १४.९ आणि ४२ टक्के होती. त्यानंतर मोबाइलवरील इंटरनेटचा प्रसार पुष्कळ झाला; परंतु संहितालेखनाचे काम मोबाइलवर भागत नाही.

या मर्यादेतही काही वाटा आहेत. जुन्या संगणकावर लिनक्सची हलकी आवृत्ती चालते. गिटमध्ये इंटरनेटशिवाय काम करून नोंदी साठविता येतात आणि जोडणी मिळाल्यावर त्या पाठविता येतात. वीज व जोडणी अनिश्चित असलेल्या गावात हा गुण मोलाचा आहे. तरीही वैयक्तिक चिकाटीवर सारा भार टाकणे न्याय्य नाही. महाविद्यालयांनी संगणक प्रयोगशाळा सायंकाळीही खुली ठेवली आणि अशा कामाला श्रेयांक दिले, तर थोड्या खर्चात मोठा लाभ होईल.

काही दक्षता

खरा कार्यक्रम उमेदवाराकडून शुल्क घेत नाही. पैसे भरून मिळणारे प्रमाणपत्र कोणालाही विकत घेता येते. म्हणूनच संकेत म्हणून त्याचे मूल्य नगण्य असते. दुसऱ्याचा प्रस्ताव उतरविणे किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली, स्वतःला न समजलेली संहिता पाठविणे हेही तितकेच घातक आहे. ‘जेंटू’ या लिनक्स प्रकल्पाने एप्रिल २०२४ मध्ये अशा योगदानास मनाई केली. आपण निवडलेल्या प्रकल्पाचे याविषयीचे नियम आधी वाचावेत.

समारोप

जागा मोजक्या असल्याने बहुतेकांची निवड होणार नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे. लेखी परीक्षेत अपयश आले तर उत्तरपत्रिका पुन्हा कोणाच्या कामी येत नाही. येथे मात्र स्वीकारली गेलेली लहानशी दुरुस्तीही त्या सॉफ्टवेअरमध्ये राहते, वापरली जाते आणि पुढच्या अर्जात दाखविता येते. निवड झाली नाही तरी मानवी भांडवलाची वृद्धी झालेलीच असते. लहान गावातील विद्यार्थ्याने या स्पर्धेत उतरावे ते या हिशेबाने.

अभ्यासासाठी प्रश्न

१. माहितीची असममितता म्हणजे काय? श्रमबाजारातील उदाहरणासह स्पष्ट करा.
२. मानधन क्रयशक्ती समानतेनुसार देणे आणि सर्व देशांत समान देणे, या दोन पद्धतींच्या गुणदोषांची तुलना करा.
३. ‘दूरस्थ काम प्रादेशिक विषमता कमी करू शकते.’ डिजिटल दरीच्या संदर्भात या विधानाची चर्चा करा.