चुकीच्या नाण्याला मोजावेत तरी किती?

'हे नाणं घरात असेल तर पाच लाख' असा व्हिडिओ फिरला, की मिरा-भाईंदरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी वैष्णोदेवीच्या नाण्यांचे फोटो पडायला लागतात. २०१२ सालची ही पाच आणि दहा रुपयांची स्मारक नाणी रीतसर चलनात आली आणि अजूनही कुणाच्या ना कुणाच्या गल्ल्यात निघतात. त्यांत टांकसाळीची चूक नाही आणि दुर्मीळपणाही नाही. खरोखरच चुकलेली नाणी मिळतात, पण त्यांचा व्यवहार बहुतेक वेळा शेकड्यांत होतो, फार तर हजारांत. खाली दिलेले आकडे म्हणजे बाजाराचं दरपत्रक नव्हे. माझा हात खिशात कुठे थांबेल, एवढंच त्यातून समजून घ्या.

आधी हत्यारं. दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला काटा, कॅलिपर आणि एक लोहचुंबक, एवढ्यासाठी हजार-दीड हजार बाजूला काढा. नाणी पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका. तांबं हिरवं पडतं. आणि नाणं घासायचं नाही. पितांबरी देव्हाऱ्यातल्या समईसाठी राहू द्या.

काट्याचा उपयोग असा. २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं ४.८५ ग्रॅम आणि २५ मिलिमीटरचं, तर रुपया ३.७९ ग्रॅम आणि जेमतेम २२ मिलिमीटरचा. दोनाचा छाप असलेलं नाणं ३.७९ ग्रॅम भरलं आणि कडेची अक्षरं अर्धवट कापली गेली असतील, तर रुपयाची कोरी चकती दोनाच्या ठशाखाली गेली असावी. असं नाणं दिसलं तर थांबून बघा. वजन कमी भरतंय पण कडेची अक्षरं शाबूत आहेत, तर ते ॲसिडमध्ये बुडवलेलं किंवा नुसतं झिजलेलं. त्याचे दोन रुपये.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती दहाच्या नाण्यात. मधला पांढरा भाग उलटा बसलाय किंवा फिरलाय, असं दाखवून दोन-पाच हजार सांगतात. यात जरा डोकं चालवा. पिवळं कडं आणि पांढरी चकती एकमेकांत बसवतात तेव्हा दोन्ही कोरी असतात. छाप नंतर, एकाच दाबात, दोन्हींवर मिळून पडतो. म्हणजे टांकसाळीतून मधला भाग उलटा होऊन बाहेर पडणं शक्यच नाही. तो नंतर ठोकून काढून पुन्हा बसवलेला असतो. दोन्हीकडे छापा असलेल्या नाण्याचंही जवळपास तेच. दोन नाणी लेथवर कोरून जोडलेली असतात. कडेच्या आतल्या बाजूला भिंगातून सांधा सापडतो आणि टेबलावर टाकलं तर आवाज बद्द येतो. लेथ मशीनचा तुटवडा आपल्याकडे भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतही नाही, मग बाकीच्या देशात कुठून असणार!

ब्रोकेज मात्र खरं असतं आणि बघायला मजेशीर. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढची चकती त्याच्यावर दाबली जाते. मग एका बाजूला नेहमीचा छाप आणि दुसऱ्या बाजूला तोच छाप, पण खोलगट आणि आरशातल्यासारखा उलटा. दोन नाणी वाइसमध्ये आवळून याची नक्कल करतात. नकलेत मूळ आकृतीच्या अंगावरच उलटी अक्षरं रुतलेली दिसतात आणि दुसरी बाजू चेपलेली असते. स्वच्छ, पूर्ण ब्रोकेज असेल तर स्टीलच्या रुपया-दोन रुपयांसाठी मी हजारापर्यंत जाईन. छाप निम्मा सरकलाय, पण साल आणि टांकसाळीची खूण शाबूत आहे, अशा नाण्यालाही तेवढेच. छाप कडेला किंचित सरकलेला असेल तर शंभर पुष्कळ झाले. ठशाला गेलेल्या तड्याची बारीक उंच रेघ? दर्शनी किमतीवर दहा-वीस रुपये. ठसा फिरलाय का ते पाहायला नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटा; दोन्ही बाजू सरळ उभ्या दिसायला हव्यात. दहा-पंधरा अंशांचा फरक कुणी विचारत नाही, नव्वदच्या पुढे असेल तर बोलायला जागा आहे.

ठशांच्या प्रकारांचा हिशेब निराळा. इथे चूक झालेली नसते, ठसाच वेगळा असतो, आणि तो फरक सूचीत नोंदलेला असेल तरच पैसे मिळतात. सालाखाली चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. नव्वदच्या दशकात काही नाणी परदेशी टांकसाळींत पाडून घेतली होती, त्यांच्या अनोळखी खुणांना चूक समजून पैसे देऊ नका. मुंबईपुरतं बोलायचं तर खरा खजिना व्हिक्टोरिया राणीच्या १८६२ च्या रुपयात आहे. फोर्टातल्या टांकसाळीने तेच साल ठेवून १८७४ पर्यंत रुपये पाडले आणि प्रत्यक्ष वर्ष ठिपक्यांनी दाखवलं, असं अभ्यासक मानतात. ठिपके मोजण्यात अख्खा रविवार जातो. शिवराईचं तर विचारूच नका. ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' यांची ऱ्हस्व-दीर्घं कारागीरागणिक बदलतात. साधी झिजलेली दुदांडी शिवराई शे-दोनशेला घ्या, पण वेगळ्या लेखनाची म्हणून जास्त मागत असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय नाही.

जुना रुपया स्टेशन रोडच्या सराफाकडे नेलात तर तो चांदीच्या भावाने तोलणार, आणि त्याच्या जागी तो बरोबरच आहे. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया ११.६६ ग्रॅमचा. राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, सुमारे ९४ लाखांपैकी बहुतेक नाणी वितळवली गेली आणि १९१२ ला हत्ती सुधारला. हा रुपया चांदीच्या भावात विकणं म्हणजे नुकसान. १९३९ चा रुपया समोर आला तर मात्र खरेदी थांबवा. १९३८ चा आठ कोरून नऊ केलेले पुष्कळ फिरतात.

बघायला आणि शिकायला फोर्ट गाठा. लोकलचं जायचं-यायचं सेकंड क्लासचं तिकीट चाळीसच्या आत बसतं आणि नाण्यांच्या प्रदर्शनात हात लावून तुलना करता येते. पाच हजारांखालच्या नाण्याला अमेरिकेतल्या पीसीजीएस किंवा एनजीसीकडून सीलबंद दर्जा घ्यायला पाठवू नका. शुल्क आणि टपालखर्चच नाण्याला खाऊन टाकतो. विकायला गेलात तर व्यापारी त्याच्या विक्रीच्या निम्म्याच्या आसपास सांगेल. लिलावात कमिशन आणि कर वजा धरा.

विकत घेतो म्हणून कुणी फोनवर नोंदणी फी मागितली तर समजा की तो चोर. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि असं कमिशन आपण घेत नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरच केलं आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

घेतलेल्या प्रत्येक नाण्याचं बिल घ्या, त्यावर वर्णन आणि 'खोटं निघाल्यास परत' हे लिहून घ्या. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा दुबईच्या मेव्हण्याला शिवराई किंवा १९११ चा रुपया देऊ नका. छाप सरकलेला २०११ चा रुपया त्याच्या बॅगेत खुशाल टाका.