कणकुंबीचा पाऊस, रामदुर्गचा पूर

बेळगावहून चोर्ल्यामार्गे गोव्याकडे जाताना घाटमाथ्यावर कणकुंबी हे गाव लागते. येथील माऊलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते व पूर्वेकडे सुमारे ३०० किलोमीटर वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. पश्चिमेच्या उतारावरील पाणी मात्र म्हादईवाटे अरबी समुद्राकडे जाते. पाण्याची अशी वाटणी करणाऱ्या उंचवट्यास जलविभाजक म्हणतात. आणि ज्या भूभागाचे पाणी एका नदीस मिळते, तो तिचे पाणलोट क्षेत्र होय. हे क्षेत्र नकाशावर आखल्याखेरीज स्थापत्य अभियंत्यास पुराचा पुढील हिशेब मांडता येत नाही.

एका चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक हजार घनमीटर पाणी होते. ते सर्वच नदीत येत नाही. काही जमिनीत मुरते, काहीची वाफ होते. उरलेले पाणी ओढ्यानाल्यांस मिळते, त्यास अपधाव ही संज्ञा आहे. मृगाच्या सरी कोरडी जमीन शोषून घेते. आषाढात तीच जमीन तृप्त झाली, की पडेल ते पाणी वाहू लागते. त्यामुळे जूनमध्ये निरुपद्रवी ठरलेला पाऊस ऑगस्टमध्ये पूर आणू शकतो.

इंग्लिस आणि डिसूझा या अभियंत्यांनी पश्चिम भारतातील ५३ ठिकाणच्या प्रवाहमापनावरून वार्षिक अपधावाची सूत्रे बसविली. सूत्र म्हटले की आमच्यासारख्या कलाशाखेच्या माणसास धडकी भरते. परंतु घाटमाथ्याचे सूत्र चौथीच्या मुलासही सुटावे इतके सोपे आहे. सेंटिमीटरमधील पावसास ०.८५ ने गुणावे व त्यातून ३०.५ वजा करावेत. वर्षात ४०० सेंटिमीटर पाऊस झाला, तर अपधाव सुमारे ३०९ सेंटिमीटर येतो. पठारासाठी त्यांनी दुसरे सूत्र दिले. त्यानुसार ६० सेंटिमीटर पावसातून जेमतेम १० सेंटिमीटर पाणी वाहते. म्हणजे पाऊस सातपटीहून कमी, पण वाहणारे पाणी मात्र तीसपट! ही वार्षिक सरासरी आहे, एका रात्रीच्या पुराचे भाकीत नव्हे, हे ध्यानी ठेवावे.

मलप्रभाकाठच्या पुराचे मर्म या फरकात आहे. सौंदत्ती, रामदुर्ग, नरगुंद हा कमी पावसाचा मुलूख. तरी ऑगस्ट २०१९ मध्ये रामदुर्गात नदी घरांत शिरली व पुढे पट्टदकलच्या प्राचीन मंदिरांभोवती पाणी चढले. हे पाणी मुख्यतः वरच्या पाणलोटाचे होते. सौंदत्तीजवळचे नविलुतीर्थ धरण ते अडविते खरे. पण जलाशय भरत आला, की येईल तेवढे पाणी खाली सोडणे भाग पडते. ज्या वर्षी पाणी येत नाही, त्या वर्षी नदीपात्रालगत पेरणी होते, कुंपणे पडतात आणि पात्र आक्रसते. आकाश निरभ्र असताना दारात पाणी आलेले पाहून खालचा शेतकरी चकित होतो. त्यात त्याचा दोष नाही, कणकुंबीचा पाऊस त्यास कोणी सांगितलेलाच नसतो.

पूल वा मोरी बांधताना वार्षिक अपधाव पुरत नाही. पुराचा महत्तम विसर्ग लागतो. इंग्लिस यांचे त्यासाठीचे सूत्रही सह्याद्रीच्या नद्यांवरूनच बेतलेले आहे. त्यानुसार २५ चौरस किलोमीटर पाणलोटातून सेकंदास सुमारे ५२० घनमीटर, तर १०० चौरस किलोमीटरमधून सुमारे १,१८० घनमीटर पाणी येऊ शकते. क्षेत्र चौपट होऊनही पूर सव्वादोन पटच वाढतो, कारण मोठ्या क्षेत्रातील सर्व ओढ्यांचे पाणी एकाच वेळी पोहोचत नाही. लहान ओढा म्हणून मोरी लहान ठेवणाऱ्याने हा आकडा पाहावा.

घाटमाथ्यावरील शाळांत मोजणीचा हा पाठ सहज घेता येईल. सरळ बाजूंचे, सपाट तळाचे भांडे उघड्यावर, झाडे व इमारती यांपासून दूर, घट्ट रोवावे. रोज सकाळी साडेआठ वाजता पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून तारखेसह वहीत लिहावी व भांडे रिकामे करावे. जोराच्या पावसात ते काठोकाठ भरण्यापूर्वीच एकदा मोजून ओतावे आणि दोन्ही आकड्यांची बेरीज करावी. भांडे भरून वाहिले, तर त्या दिवसाचा आकडा निरुपयोगी ठरतो, आणि कणकुंबीस नेमका तोच दिवस महत्त्वाचा असतो.